रजईच्या लाँगआर्म मशीनसाठी फर्मा घेताना

थंडीचे दिवस जवळ आले की रजई-गाद्यांचे काम करणारे बांधव कापड घ्यायला आमच्या दुकानी येतात. पूर्वी बोलणे व्हायचे ते रुईच्या भावाचे आणि अस्तराच्या पन्ह्याचे. अलीकडे मात्र तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली, "चाचा, लाँगआर्म मशीन तर घेतली, आता तिला फर्म्याची जोडणी कोणती घ्यावी?" प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा या पानावर एकदा सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले. आम्ही मशीन विकत नाही, कापड विकतो. पण हर्सूलला आमच्या शेडमध्ये अशी एक मशीन चालते आणि तिच्यापायी आम्ही नफाही पाहिला आहे, नुकसानही पाहिले आहे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते पदरचे पैसे घालून शिकलेले आहे.

मराठवाड्यात रजईचा धंदा फार करून पिंजारी, मन्सुरी, नद्दाफ बांधवांच्या हाती राहिला. पिंजणीने रुई फुलवायची, अब्रा आणि अस्तर यांच्यामध्ये ती सारखी पसरायची आणि लांब सुईने दोरे घालायचे, असे हे काम. उर्दूत यालाच निगंदे घालणे म्हणतात. हाताची पिंजण गेली, विजेवर रुई पिंजणे आले. मग बाजारात पानिपतचे ब्लँकेट आले, सोलापूरची चादर तर होतीच. आता गिऱ्हाइकाला तीन किलोची रजई नको असते. हलकी, घरच्या मशीनमध्ये धुता येईल अशी, आणि अंगभर बारीक नक्षीची शिलाई असलेली रजई तो मागतो. तशी दाट शिलाई हाताने करायची तर एका रजईला कित्येक दिवस लागतात आणि त्या मजुरीचा भाव गिऱ्हाईक देत नाही. म्हणून ही मशीन.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या शिलाई मशीनमध्ये मशीन जागेवर असते आणि कापड सरकते. लाँगआर्ममध्ये उलटे आहे. कापड, वॅडिंग आणि अस्तर हे तिन्ही थर लांब चौकटीच्या रोलरवर ताणलेले असतात, ते हलत नाहीत. मशीनचे डोके चाकांवर, रुळांवर बसविलेले असते आणि कारागीर दोन्ही हँडल धरून ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरवतो. सुईपासून मशीनच्या पाठीपर्यंतची मोकळी जागा १८ इंचांपासून २६ इंचांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त असते, म्हणून तिला लांब हाताची मशीन म्हणतात. हात बसलेला कारागीर मोकळ्या हातानेच वेलबुट्टी काढतो. पण सरळ रेघ, एकसारखी गोलाई, मेहराब किंवा जाळी मोकळ्या हाताने साधत नाही. रुळांवरचे डोके इतके हलके चालते की सरळ रेघसुद्धा सापासारखी वळते. तिथे फर्मा लागतो.

आमचे नुकसान कसे झाले ते आधी सांगतो, कारण बाकी सगळे त्यातूनच समजेल. मशीन आली त्या पहिल्याच हंगामात लग्नाच्या रुखवतासाठी वीस रजयांची ऑर्डर मिळाली होती. एका विक्रेत्याने आम्हाला अॅक्रिलिकच्या फर्म्यांचा मोठा संच दिला, "सगळ्या मशीनला चालतो" असे सांगून. दिसायला सुंदर, पारदर्शक, वर रेघा आखलेल्या. पण जाडी होती ३ मिलिमीटर. तिसऱ्याच रजईवर मशीनचा फूट फर्म्यावर चढला, सुई अॅक्रिलिकवर आपटून तुटली आणि तिचा तुकडा हुकात गेला. हुकाचे टायमिंग हलले. मेकॅनिक येईपर्यंत चार दिवस मशीन बंद होती. उरलेल्या रजया रात्रंदिवस बसून पुऱ्या केल्या, तरी सहा नग लग्नानंतर पोहोचले. त्या सहांचे पैसे आम्ही अर्धेच घेतले. वधूपित्यापुढे मान खाली घालावी लागली ती गोष्ट वेगळीच. डोळ्याजवळून सुईचा तुकडा उडाला होता, कारागीर वाचला, अल्लाहचे उपकार.

चूक विक्रेत्याची होती तशी आमचीही होती. आम्ही मोजले नव्हते.

लाँगआर्म मशीनचा फूट हा कापडावर सतत दाबून बसत नाही. तो प्रत्येक टाक्याला वर उचलला जातो आणि सुई खाली आली की खाली येतो, उड्या मारल्यासारखा. फूट वर असतो त्या क्षणी त्याची खालची कड कापडापासून काही मिलिमीटर वर असते. फर्मा जर त्या उंचीपेक्षा पातळ असेल तर फुटाला टेकायला कडच उरत नाही. तो फर्म्यावर सरकतो आणि खाली येणारी सुई फर्म्यावर बसते. म्हणून चौकटीवरच्या लाँगआर्मसाठी फर्मा पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर जाडीचा घेतात. साध्या घरगुती मशीनच्या फुटाला ३ मिलिमीटरचा फर्मा असतो आणि उंच दांडीच्या मशीनला साडेचार ते पाच मिलिमीटरचा. या तिन्ही जाड्या बाजारात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि पारदर्शक असल्याने नजरेला फरक कळत नाही. व्हर्नियर कॅलिपर किंवा निदान स्टीलची पट्टी खिशात ठेवूनच दुकानात जावे.

जाडी बरोबर असली तरी एक परीक्षा आपल्या मशीनवर स्वतः करावी. ती फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. वीज बंद करावी. रजईचे तिन्ही थर जसे रोज लावता तसे लावावेत. फर्मा फुटाला टेकवावा आणि हाताने चाक सावकाश फिरवावे. फूट सर्वांत वर जाईल तिथे थांबून बाजूने डोळा लावून पाहावे. फुटाची खालची कड फर्म्याच्या वरच्या पृष्ठाच्या बऱ्यापैकी खालीच राहिली पाहिजे. मग चाक आणखी फिरवून फूट सर्वांत खाली आणावा. आता फुटाची भिंत फर्म्यापेक्षा उंच असली पाहिजे, नाहीतर फर्मा फुटाच्या दांडीखाली शिरेल. दोन्ही ठिकाणी समाधान झाले तरच पैसे द्यावेत.

यावरून लक्षात येईल की फर्मा घेण्याआधी फूट पाहायचा असतो. मशीनबरोबर येणारा साधा फूट बहुधा पातळ असतो, कधी पुढून उघडा असतो. फर्म्यासाठी वेगळा, जाड भिंतीचा, पूर्ण गोल फूट मिळतो. त्याला रुलर फूट म्हणतात. त्याचा बाहेरचा व्यास अर्धा इंच असतो, म्हणजे मधल्या सुईपासून कडेपर्यंत चोहोबाजूंनी बरोबर पाव इंच. हा फूट बसविण्याची पद्धत मात्र प्रत्येक कंपनीची निराळी. दांडीची जाडी वेगळी, स्क्रूची जागा वेगळी. "अडॅप्टर लावून बसवून देतो" असे कोणी म्हणाले तर त्याने आपल्यासमोर, आपल्याच मशीनवर बसवून दाखवावा. अडॅप्टरमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा खेळ राहिला तरी सुई मध्यावर राहत नाही आणि मग डावीकडचा गोल उजवीकडच्या गोलाला जुळत नाही.

ज्या बांधवांकडे लाँगआर्म नाही, साधी मशीन आहे आणि तिच्यावरच फर्म्याचे काम करायचे आहे, त्यांनी दांडीची उंची मोजावी. फूट खाली सोडून, फुटाच्या स्क्रूपासून नीडल प्लेटपर्यंत साधारण अर्धा इंच अंतर भरले तर ती कमी उंचीची दांडी, आणि एक इंच भरले तर उंच दांडी. फूट आणि फर्म्याची जाडी त्याप्रमाणे घ्यावी. तिथे फर्मा कापडाबरोबर सरकतो, म्हणून त्याच्या खालच्या बाजूला कापड पकडणारी खरखरीत पट्टी लागते. लाँगआर्मवर फर्मा डाव्या हाताखाली स्थिर राहतो आणि डोके त्याच्या कडेने फिरते. तिथेही पट्टी लागते, पण ती फर्मा निसटू नये म्हणून.

आता हिशेबाची गोष्ट. इथे नवखा कारागीर हमखास फसतो. शिलाई फर्म्याच्या कडेवर पडत नाही, कडेपासून पाव इंच दूर पडते. समजा रजईच्या मध्यभागी ६ इंच व्यासाचा गोल शिवायचा आहे. फर्म्याच्या बाहेरून फिरणार असाल तर चकती साडेपाच इंचांची हवी, कारण दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच वाढते. फर्म्याच्या आतल्या भोकातून फिरणार असाल तर भोक साडेसहा इंचांचे हवे. ६ इंचांची चकती घेऊन ६ इंचांचा गोल निघेल असे समजणाऱ्याचा गोल साडेसहाचा निघतो. एका गोलाने बिघडत नाही, पण कडेने बारा गोल एकमेकांना टेकवायचे असतील तर ६ इंच जास्त होतात आणि शेवटचे एक वर्तुळ रजईच्या बाहेर जाते.

कोपऱ्यांचेही तसेच आहे. फूट गोल असल्यामुळे फर्म्याच्या आतल्या बाजूचा टोकदार कोपरा कधीच टोकदार शिवला जात नाही, फूट तिथपर्यंत पोहोचतच नाही. मेहराबीचे टोक किंवा आठ टोकांचा तारा हवा असेल तर तो बाहेरच्या कडेने, दोन सरळ बाजू वेगवेगळ्या शिवून, टोकावर सुई खाली ठेवून काढावा. आमच्या शहरात, म्हणजे औरंगाबादेत, जे आता छत्रपती संभाजीनगर आहे, बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. तशा नमुन्याची रजई बाहेरगावचे गिऱ्हाईक आवडीने घेते. ती करायला महागडा तयार फर्मा लागत नाही. एक सरळ पट्टी आणि तिच्यावर ४५ अंशांची खूण, एवढ्यावर आठ बाजू निघतात, कारण ४५ ला ८ ने गुणले की ३६० होतात. आम्ही ते काम साध्या पट्टीवरच करतो.

फर्म्याच्या जोडणीचे बाजारात मोटामोटी तीन प्रकार आहेत. पहिला, आतापर्यंत सांगितला तो, सुईजवळ हाताने धरायचा. दुसरा, मशीनच्या मागच्या टेबलावर ठेवायच्या खाचांच्या पाट्या. मशीनच्या डोक्याला मागे एक खिळ्यासारखी टोकदार दांडी बसवतात. ती पाटीच्या खाचेत फिरते आणि पुढे सुई तीच नक्षी कापडावर काढते. कारागीर मागच्या बाजूला उभा राहतो. इथे सुईजवळ हात न्यावाच लागत नाही आणि पाव इंचाचा हिशेबही नाही, खाच जशी तशी शिलाई. रजईभर एकच वेल किंवा लाटा हव्या असतील तर हा प्रकार सर्वांत भरवशाचा. नवशिक्या मुलगासुद्धा आठवड्यात शिकतो. मात्र नमुना ज्या मापाचा आहे त्याच मापाचा निघतो, आणि कोपऱ्यात किंवा किनारीला बसवायचा म्हटले तर बसत नाही. खाच आणि दांडी यांच्यात फट असेल तर नक्षी थरथरते, म्हणून दांडी खाचेत घालून हलवून पाहावी. तिसरा प्रकार मध्यभागी टाचणी रोवून फिरणाऱ्या फर्म्यांचा, फुले आणि चक्रे काढण्यासाठी. छान आहे, पण रोजच्या धंद्यात त्याचे काम थोडे पडते. संगणकावर चालणारे डोके हा वेगळाच खर्च, त्याविषयी इथे लिहीत नाही.

आमचा सल्ला विचाराल तर नगावर काम करणाऱ्याने आधी खाचांच्या दोन पाट्या घ्याव्यात आणि हातात धरायचे तीनच फर्मे: एक सरळ पट्टी, एक हलकी कमान आणि एक गोल. तीस नगांचा संच स्वस्त पडतो असे विक्रेते दाखवितात. आमच्या संचातले पंचवीस अजून कोरे पडून आहेत.

हातात धरायच्या फर्म्याबरोबर एक वस्तू अवश्य घ्यावी, ती म्हणजे खालचा पाट. लाँगआर्मचा खालचा हात अरुंद असतो. फर्मा रुंद. फर्म्याचा निम्मा भाग आधाराशिवाय ताणलेल्या कापडावर राहिला की दाबताना तो कलतो आणि सुईजवळची कड वर उठते. पाट खालच्या हाताला बसला की चारी बाजूंनी आधार मिळतो. पाट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो नीडल प्लेटच्या बरोबर सपाटीत बसला पाहिजे. बोट फिरवले तर पायरी लागू नये. बॉबिन बदलताना तो काढावा लागत नाही ना हे पाहावे, नाहीतर दिवसातून वीस वेळा काढ-घाल होईल. आणि तो बसविल्यावर डोके पुढे रोलरपर्यंत किती जाते ते मोजावे. पाटामुळे दोन्हीकडची जागा कमी होते, रजई गुंडाळत गेल्यावर आणखी कमी होते. १८ इंच जागेच्या मशीनवर मोठा पाट घेतला तर शिवायला उरते किती, हा विचार करावा.

वॅडिंगविषयी एक शब्द. हाताने पसरलेल्या देशी रुईच्या जाड रजईवर फर्मा चालत नाही. रुई कुठे उंच, कुठे सखल असते, त्यात फर्मा रुततो आणि कलतो. फूट उंच करावा तर मघाची जाडीची परीक्षा बिघडते. फर्म्याच्या कामाला सारख्या जाडीची शीट हवी, सुती असो की फायबरची. जाड रजई हातानेच शिवावी. त्या कामाचे हुन्नर आणि त्याचे गिऱ्हाईक दोन्ही अजून आहेत. हिमरूच्या उलट्या बाजूला बाण्याचे धागे मोकळे सुटलेले असतात, त्यामुळे ते कापड मुळातच दुहेरी, मऊ लागते. त्याच्या रजईला पातळ शीट पुरते. पण त्यात रेशीम असते, चुकलेला टाका उसवला तरी सुईचे भोक दिसत राहते. हिमरूवर नवीन फर्म्याचा पहिला प्रयोग कधी करू नये.

बाहेरून मागविलेले फर्मे महाग पडतात. आता आमच्या शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावीही पाट्या-बोर्ड करणाऱ्यांकडे लेझर कटिंगची मशीन असते. ती ६ मिलिमीटरचे अॅक्रिलिक सहज कापते. आम्ही आता फर्मे तिथूनच करून घेतो. शिलाई जशी हवी ती रेघ कॉम्प्युटरवर काढायची, मग त्याला सांगायचे की हीच रेघ आतल्या बाजूने ६.३५ मिलिमीटर सरकव आणि तिथे काप. भोकाच्या आतून शिवायचे असेल तर बाहेरच्या बाजूने सरकव. अॅक्रिलिक कास्ट जातीचे मागावे, त्याची कड स्वच्छ निघते. रेघा आणि अंश खालच्या बाजूने कोरून घ्यावेत, म्हणजे वाचताना नजर तिरपी पडली तरी फसगत होत नाही. कड बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावी, खरखरीत कडेवर फूट अडखळतो आणि टाके मोठे-लहान पडतात. खाचांच्या पाट्याही असे कटिंग करणारे एमडीएफमध्ये कोरून देतात. एक गोष्ट मात्र पाळावी. दुसऱ्याने स्वतः तयार केलेला आणि विक्रीला ठेवलेला नमुना त्याच्या परवानगीशिवाय कापून घेऊ नये. तोही कुणाच्या मेहनतीचा माल आहे. आपल्याकडे हिमरूचे बुट्टे, अनार, अननस, चमेली, षट्कोन एवढे आहेत की उसने घेण्याची गरज नाही.

सौद्याविषयी. जोडणी हप्त्यावर मिळते तेव्हा रोखीचा आणि उधारीचा भाव दोन्ही विचारावेत आणि त्यातला एक सौद्याच्या वेळीच पक्का करावा. हप्ता चुकला की रक्कम वाढत जाईल अशी अट असेल तर ते व्याजच झाले, नाव काहीही असो. आमच्या ओळखीच्या दोन घरांनी मिळून एक संच घेतला आहे, पैसे निम्मे-निम्मे, वापराचे दिवस ठरलेले. दोन्ही मशीन एकाच कंपनीच्या असल्याने जमले. बिल घेताना त्यावर फर्म्याची जाडी, फुटाचा प्रकार आणि आपल्या मशीनचे मॉडेल लिहून घ्यावे. आमच्या वेळी बिलावर नुसते "क्विल्टिंग सेट" लिहिले होते, त्यामुळे परत करताना बोलायला तोंड राहिले नाही.

हाताने धरण्याची रीत नव्या मुलाला पहिल्या दिवशीच शिकवावी. डावा हात फर्म्यावर कोळ्यासारखा पसरून, बोटे सुईपासून दोन इंच तरी दूर. उजवा हात हँडलवर. फर्म्याची लांबी संपत आली की सुई खाली ठेवून थांबायचे, मग फर्मा पुढे सरकवायचा. चालत्या मशीनवर फर्मा सरकवणे म्हणजे सुई मोडणे. टाके आपोआप सारखे ठेवणारे यंत्र मशीनला असेल तर इंचाला ८ ते १२ टाके ठेवून काम करावे. नसेल तर वेग कमी ठेवून हाताची चाल सारखी राखावी लागते. डोळ्याला चष्मा हवाच. आमच्याकडे आता चष्मा न लावता फर्म्याला कोणी हात लावत नाही.

काम झाले की फर्मे भिंतीला टेकवून ठेवू नयेत. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात अॅक्रिलिक तिरपे राहिले की बाक धरते. कापताना एका कोपऱ्यात छोटे भोक पाडून घ्यावे, खिळ्याला सरळ लटकवावेत किंवा सपाट फळीवर ठेवावेत. आणि प्रत्येकावर जाडी, व शिवल्यावर येणारे माप, दोन्ही कोरून घ्यावे. चकतीचे नव्हे, शिलाईचे.